पहिला घास इंजिनाचा

कोकणातल्या कोणत्याही मासळीबंदरावर जा. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, कुठेही. हा नाखवा तुम्हाला भेटणारच. त्याला शोधायला फार हिंडावं लागत नाही. ज्या बोटीच्या केबिनीत लाखभराची यंत्रं चमकत असतात आणि त्या यंत्रांना करंट पोचवणारी वायर मात्र मागल्या गणपतीच्या रोषणाईतून उरलेली असते, ती त्याची बोट. पापलेटचा भाव तो झोपेतही बरोबर सांगेल. पाण्याचा रंग बघून जाळी कुठे मारायची ते ठरवेल. बर्फवाला, डिझेलवाला, लिलाव पुकारणारा, बँकेचा वसुलीवाला, सगळ्यांना पुरून उरेल. सबंध दुनियेत त्याचं एकाच गोष्टीशी वाकडं. व्होल्टशी.

माझ्या पाहण्यातला नमुना हर्णैचा. नाव कशाला घ्या. ‘चावीवाला नाखवा’ म्हटलं की किनाऱ्यावरची शेंबडी पोरंही बोट दाखवतात. त्याची बोट गिलनेटची, म्हणजे संध्याकाळी जाळी सोडायची, रात्रभर इंजिन बंद ठेवून वाहवत राहायचं आणि पहाटे जाळी ओढायची. इंजिन चार सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, बिचारं गुणी. बॅटरी एक. आणि त्या एका बॅटरीवर पोसलेला गोतावळा असा: जीपीएसचा प्लॉटर, फिश फाइंडर, व्हीएचएफ रेडिओ, मास्टलाइट, डेकवरचे दोन एलईडी, देव्हाऱ्यातला लाल दिवा, गाण्यांचा स्पीकर आणि खलाशांच्या मोबाइलचे, मोजायच्या पलीकडचे, चार्जर. 2024च्या ऑगस्टात पालघरला मोठा समारंभ होऊन किनारी राज्यांतल्या एक लाख बोटींना उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉन्डर बसवायची सरकारी योजना सुरू झाली. वादळाचा इशारा बोटीवर येणार, संकटात बटण दाबलं की किनाऱ्यावर कळणार. किनाऱ्यावर जो तो ‘फुकट मिळतोय ना?’ एवढंच विचारत होता. नाखव्याने विचारलं, “खातो किती?”

कारण खाण्याचाच प्रश्न आहे. निघायच्या वेळचा सोहळा बघण्यासारखा असतो. आधी नाखवा केबिनीच्या दारात उभा राहून सगळ्या बोटीला ऐकू जाईल असा आवाज लावतो. “लाइट बंद! स्पीकर बंद! चार्जर काढा रे भाडखाऊंनो!” मागून एकेक चार्जर निघाल्याचे खट्‌ खट्‌ आवाज येतात. देव्हाऱ्यातला दिवा तेवढा राहतो. त्याला हात लावायची कोणाची छाती नाही. मग नाखवा प्लॉटरच्या पडद्यावर हाताचा पंजा ठेवतो, डोळे झाकावेत तसा, आणि दुसऱ्या हाताने चावी फिरवतो. सेल्फ एकदा कण्हतो, गर्र करतो, इंजिन धडधडायला लागतं. पंजा बाजूला होतो. पडदा काळा ठिक्कर.

मग तो हळूहळू शुद्धीवर येतो. आधी कंपनीचं नाव झळकतं. मग इंग्रजीत एक लांबलचक ताकीद येते, की हा नकाशा फक्त मदतीपुरता आहे, भरवसा तुमचा तुम्ही ठेवा, मान्य असेल तर बटण दाबा. नाखवा बटण दाबतो. इतक्या वेळा त्याने ती ताकीद मान्य केली आहे, की कोर्टात गेला तर कंपनी निर्दोष सुटेल. त्यानंतर यंत्र आभाळात उपग्रह शोधू लागतं. तोवर बोटीने नांगर उचललेला असतो आणि डाव्या हाताला सुवर्णदुर्गाचा तट, पायाखाली खडक, आणि फिश फाइंडरवर खोलीच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा. एखादा नवा खलाशी घाबरून विचारतो, “नाखवा, पाणी किती हाय खाली?” नाखवा शांतपणे म्हणतो, “थांब जरा. त्याला आठवू दे.”

या प्रकारावर त्याचं स्वतःचं शास्त्र आहे, आणि ते तो लिलावाच्या वेळी वाळूत उकिडवा बसून कोणालाही ऐकवतो. “बॅटरी म्हंजे घरची बाय. इंजिन थोरला. पहिला घास थोरल्याचा. तो जेवायला बसला की बारकी पोरं गप बसतात. जीपीएस बारका हाय, तो घाबरतो.” ऐकणारा मान डोलावतो. खरी पंचाईत ही, की यात चूक काढायला फारशी जागा नाही. थोरला पहिला जेवतो, हे अक्षरशः खरं आहे. चूक एवढीच की बारक्यांची चूल वेगळी मांडता येते हे त्याला मान्य नाही. घर फुटल्यासारखं दिसतं ना.

होतं काय, ते सांगतो. बारा व्होल्टची म्हणतात ती बॅटरी पुरी भरलेली आणि निवांत असली तर 12.6-12.7 व्होल्ट दाखवते. चावी फिरवली की सेल्फची मोटर एकदम शेकड्यांत अँपिअर मागते. त्यातही सगळ्यात मोठा हिसका पहिल्या क्षणाचा. मोटर थांबलेली असते तोवर तिच्यातून जाणाऱ्या करंटला अडवणारं फारसं काही नसतं. ती गरगरू लागली की तीच उलटा दाब तयार करते आणि तिची भूक उतरते. त्या पहिल्या क्षणात व्होल्ट दहाच्या खाली डुबकी मारतात. प्लॉटरसारखी यंत्रं साधारण दहा व्होल्टपर्यंत तग धरतात, त्याखाली गेलं की मान टाकतात. डुबकी डोळ्याची पापणी लवायच्या आत संपते, पण आत संगणक बसलाय. त्याला अर्ध्या पापणीचाही उपास चालत नाही. तो पहिल्यापासून सुरुवात करतो. देव्हाऱ्यातला दिवा नुसता मंदावतो आणि परत उजळतो. त्यावरून नाखव्याने देवाच्या बाजूने जो निष्कर्ष काढलाय, त्याच्या वाटेला मी जात नाही.

आता हा हिसका सगळ्याच बोटींत बसतो, मग सगळ्यांचेच पडदे का जात नाहीत? इथे वायरमन मिस्त्रीचा प्रवेश होतो. हर्णैला बोटी किनाऱ्यापासून लांब पाण्यात उभ्या असतात, म्हणून मिस्त्री छोट्या होडीतून येतो, मल्टिमीटर प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी दातांत धरून. त्याने बॅटरीचं झाकण उघडलं आणि आत बघून नुसता हसला. मायनसच्या थिंबलवर पांढरी-निळी बुरशी फुलली होती, गोंडेदार. त्याखालचा नट हाताने फिरत होता. तांब्याची वायर कापून बघितली तर रबराच्या आत वीतभर काळी-हिरवी पडलेली. खाऱ्या ओलाव्याने वायरीतून केशनळीसारखा आत शिरकाव केलेला.

मिस्त्रीने हिशेब मांडला, आणि हा हिशेब मला फार आवडतो. असल्या सांध्यात ओहमचा शंभरावा भाग, म्हणजे 0.01 ओहम, एवढाच अडथळा धरा. घरच्या बल्बला तो जाणवणारही नाही. पण 200 अँपिअर त्यातून गेले की 200 गुणिले 0.01, दोन व्होल्ट तिथल्या तिथे गडप. बॅटरी बिचारी देतेय, वाटेत सांधा खातोय. आणि प्लॉटरची वायर नेमकी त्या सांध्याच्या पलीकडून, सेल्फच्या बोल्टवरून घेतलेली. का? तर जवळ पडते.

“नाखवा, वायर बदला, थिंबल नवीन मारा, प्लॉटरचा जोड थेट बॅटरीवर आणा.”

“मीटर लाव आधी.”

मिस्त्रीने मीटर लावला. 12.4. चावी फिरवली, आकडे थोडे नाचले, 11.8 दिसलं न दिसलं आणि परत वर. साधा मीटर सेकंदात दोन-तीनदाच आकडा बदलतो. मधली डुबकी त्याला दिसतच नाही. सगळ्यात खालचा आकडा पकडून ठेवणारं बटण महागातल्या मीटरला असतं, मिस्त्रीच्या मीटरला ते नव्हतं. नाखव्याला एवढं पुरे. “बघ! बाराच्या आसपास हाय. बॅटरीला काय धाड भरलीय? तुझा जीपीएसच नाजूक.”

तरी तो स्वस्थ बसणारा नव्हता. काहीतरी करायला हवं हे त्यालाही पटलं होतं, फक्त जिथे बिघाड आहे तिथे नको. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. दर हंगामाला त्याची बॅटरी वाढत गेली. आधी ट्रॅक्टरची आली, मग ट्रकची. ती उचलून होडीतून चढवताना दोन माणसांची कंबर धरायची. एका वर्षी तर त्याने घरची इन्व्हर्टरची बॅटरी आणून बसवली, कारण ती ‘दीडशेची’ होती आणि दीडशे हा आकडा शंभरापेक्षा मोठा असतो. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी रात्रभर पंखा चालवायला उत्तम. थोडं थोडं, दीर्घ काळ देणं हा तिचा धर्म. एका झटक्यात शेकड्यांनी अँपिअर ओतणं तिच्या प्रकृतीला मानवत नाही. सेल्फने एकदा ‘टक्’ केलं आणि सगळी बोट अंधारात गेली, देवासकट. घरी त्याच दिवशी लाइट गेली होती. बायकोने काय म्हटलं ते खलाशांना ठाऊक आहे, छापण्यासारखं नाही.

शेजारच्या बोटवाल्याची गोष्ट याच्या उलट, म्हणून नाखवा ती मोठ्या चवीने सांगतो. त्याचं इंजिन मोठं, चोवीस व्होल्टचं. दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. प्लॉटर, स्पीकर मात्र बाराचे. त्याने दोघींपैकी एकीवरूनच बारा काढले. दिसायला सोपं, आणि महिनाभर चालतंही. पण सगळा गोतावळा एकीवरच जेवतो, आणि चार्जिंग येतं ते दोघींना मिळून. मग जिच्यावर भार ती कायम उपाशी आणि दुसरी भरलेली असून वर आणखी घास कोंबल्यामुळे उकळत बसते, पाणी आटवते. हंगामभरात दोन्ही गेल्या. तिथे चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावायला हवा. लावला त्याने, स्वस्तातला. आता व्हीएचएफवर दिवसभर माशी घोंघावते. “बघा शिकलेल्यांचं,” नाखवा म्हणतो. तो बोटवाला बी.कॉम. आहे.

हसण्यावारी नेण्याची एक हद्द असते. ती रात्री, किनाऱ्यापासून लांब, ओलांडली जाते. जाळी सोडलेली, इंजिन बंद, म्हणजे डायनामोही बंद; बॅटरीत येत काही नाही, जातंय मात्र सगळं. मास्टलाइट हवाच, नाहीतर एखादं जहाज अंगावर यायचं. व्हीएचएफ ऐकत ठेवायचा. आणि खलाशी मोबाइल चार्जिंगला लावून स्पीकरवर गाणी ऐकत पडलेले. पहाटे चावी फिरवली की ‘टक्’. डिझेल इंजिनाची गंमत अशी, की जुन्या धर्तीचं असलं तर एकदा सुरू झाल्यावर त्याला विजेची गरजच नसते, दाबाने पेटतं आणि चालत राहतं. पण ते पहिलं वळण द्यायला कोणीतरी लागतं. चार सिलिंडरचं इंजिन हाताने कोण फिरवणार? मग मदत मागायची कशावर, तर व्हीएचएफवर. व्हीएचएफ कशावर? त्याच बॅटरीवर. असा तो पेच. एकदा मोबाइलच्या विजेरीने खुणा करून दुसरी बोट बोलवावी लागली होती. हेलकावणाऱ्या दोन बोटींमधून तीस किलोची बॅटरी हातोहात पलीकडे दिली, तेव्हा मध्ये काळं पाणी होतं आणि चेष्टा करायला कोणाला सुचत नव्हतं. त्या बॅटरीचं ॲसिड एका खलाशाच्या चड्डीवर सांडलं. चड्डी अजून जाळीच्या गोळ्याजवळ टांगलेली आहे, भोकांसकट. नाखवा ती काढू देत नाही. शकून आहे म्हणतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. बोटी शाकारल्या जातात आणि बॅटरी घरी येते. ओटीवर तिच्यासाठी सागाचा पाट मांडलेला असतो, कारण उघड्या फरशीवर ठेवली तर करंट जमिनीत उतरतो अशी त्याची खात्री. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्यातून जमिनीत काही उतरत नाही, फरशी असो की पाट. बॅटरी जाते ती दोन महिने चार्जिंगविना पडल्याने. आपोआप थोडी थोडी उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर खवले धरतात ते कायमचे. पाटाऐवजी महिन्यातून एकदा चार्जर लावला असता तर पुरे होतं. पण पाट दिसतो, चार्जिंग दिसत नाही. नारळी पौर्णिमेला तर तिची साग्रसंगीत पूजा होते. इंजिनाला हार, चावीला फूल, बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांना हळदकुंकू, वर नारळ फोडून पाणी शिंपडलेलं. मिस्त्री हात जोडून उभा होता, पण नमस्कार कोणाला करत होता ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने गरम पाण्यात खायचा सोडा घालून ती सगळी भक्ती धुऊन काढली आणि वर ग्रीस लावलं.

अखेर नाखव्याच्या आयटीआय केलेल्या मुलाने हात घातला. त्याने आधी सरळ मार्ग धरला: यंत्रांना वेगळी छोटी बॅटरी, इंजिनाला वेगळी, आणि दोन्हींमध्ये चार खुणांचा फिरकीचा स्विच. एक, दोन, दोन्ही, बंद. सेल्फ मारताना एकवर ठेवायचा, इंजिन चालू झालं की दोन्हीवर. बापाला नीट शिकवलं. नाखव्याने मान डोलावली, आणि पहिल्याच दिवशी स्विच ‘दोन्ही’वर नेऊन वर खिळा ठोकला, हलू नये म्हणून. “दोघी एकत्र असल्या म्हंजे ताकद.” अर्थात दोघी एकत्रच डुबकी मारू लागल्या आणि प्लॉटर पूर्वीसारखाच मान टाकू लागला. आता नाखवा विजयी. “सांगत नव्हतो? दोन बॅटऱ्या केल्या, चार हजार घातले, फरक काय पडला?” खिळा कोणी ठोकला हा विषय काढायची सोय नव्हती. बरं, खिळा होता म्हणून एक अरिष्ट टळलंही. इंजिन चालू असताना कोणी फिरकी ‘बंद’वर नेली तर डायनामोचे डायोड एका फटक्यात जळू शकतात. त्यामुळे खिळ्याबद्दल माझं मत अगदीच वाईट नाही.

फ्यूजचीही एक उपकथा आहे. ती सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाची आहे आणि ती प्रत्येक बोटीची असल्याने इथे जागा दवडत नाही.

मुलाने मग बापाच्या हाताला कामच उरणार नाही अशी व्यवस्था केली. दोन बॅटऱ्यांमध्ये व्होल्ट ओळखणारा रिले बसवला. इंजिन चालू होऊन डायनामोने व्होल्ट 13.3च्या वर नेले की रिले आपसूक दोघींना जोडतो, दोघी चार्ज होतात. इंजिन बंद होऊन व्होल्ट 12.8च्या खाली आले की आपसूक तोडतो. मिस्त्रीने डायोडची पट्टी सुचवली होती, पण साधा डायोड वाटेत अर्ध्या-पाऊण व्होल्टचा हप्ता खातो आणि बॅटऱ्या कधी पोटभर होत नाहीत, म्हणून ती बाद. प्लॉटर, फिश फाइंडर, व्हीएचएफ सगळे छोट्या बॅटरीवर, जाड नव्या वायरीने, प्रत्येकाला खराखुरा फ्यूज. थोरल्याचं ताट वेगळं झालं. खिळा मुलाने स्वतःच्या हाताने उपटला आणि समुद्रात टाकला.

पहिल्या पहाटे नाखव्याने नेहमीची आरोळी दिली, लाइट बंद, स्पीकर बंद, चार्जर काढा. पंजा पडद्यावर ठेवला. चावी फिरवली. इंजिन धडधडलं. पंजा काढला, तर पडदा जसाच्या तसा. खोली चार वाव, बोटीची काळी खूण सुवर्णदुर्गाच्या उजवीकडे ठाम. ताकीद नाही, उपग्रहांचा शोध नाही, काही नाही.

“सेल्फ लागला नाय,” नाखवा म्हणाला.

“लागला बाबा. इंजिन चालूय.”

“मग हा कसा नाय गेला?”

मुलाने समजावलं. नाखव्याने इंजिन बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा बंद, पुन्हा लावलं. पडदा हटला नाही. त्याच्या कपाळावरची आठी मात्र वाढत गेली. खाली उतरून त्याने सेल्फला हात लावून पाहिला, कान लावून पाहिला. त्याच्या मते इंजिनाला आता पुरेसं मिळत नव्हतं. मिळालं असतं तर बारक्यांच्या तोंडचं गेलं असतं. कुठेतरी काहीतरी अडकून राहतंय. त्या खेपेला सुरमई बरी लागली, तरी परत येईपर्यंत तो इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून बसला होता.

हल्ली निघताना तो आरोळी देतो, चार्जर निघतात, आणि मग तो प्लॉटरचं बटण स्वतःच दाबून धरतो. तीन, दोन, एक, पडदा काळा. मग चावी. मग पुन्हा बटण, कंपनीचं नाव, ताकीद, मान्य, उपग्रह. नांगराचा दोर हातात धरून खोळंबलेल्या खलाशाने एकदा विचारलंच, “नाखवा, आता तर तो आपला आपण बंद व्हत नाय ना?”

“म्हणून तर करायचा,” नाखवा म्हणाला. “सवय मोडली आणि मग ऐन टायमाला घाबरला तर?”